मोडता कामा नये!

किस्से घरातल्या सुट्या स्क्रूंसारखे असतात. टाकवत नाहीत, कामाला येत नाहीत, डबा मात्र भरतो. आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमधल्या विमान-मंडळाचा डबा असाच भरलाय. मंडळ म्हणजे दोघेच. परब रिटायर्ड फिटर; आठ महिने खपून त्याने रिमोटचं विमान बनवलं. त्याच्या शेपटीची फळी वर-खाली होते, तिच्या हलक्या बिजागऱ्या बनवायचं काम माझ्याकडे. माझी पीएचडी हलक्या पण मजबूत पदार्थांवर आहे, त्यामुळे मला कशाचीच खात्री नसते!

"डॉक्टर, तुझी बिजागरी गेली की माझं विमान गेलं," परब म्हणाला. मी ते फारच मनावर घेतलं.

*

बिजागरीसाठी काचतंतूचं कापड वाळून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये भिजवायचं, मधली रेघ कोरडी ठेवायची. ती तिथेच वाकते. मग वर वजन ठेवायचं. घरातली सर्वांत जड वस्तू म्हणजे माझा थिसिस. रेझिन ओघळलं आणि थिसिस टेबलाला कायमचा चिकटला.

परब म्हणाला, "चला, इतक्या वर्षांनी कुणीतरी तुझ्या थिसिसला चिकटून बसलं!"

*

स्वयंपाकघरातला काटा बिजागरीचं वजन शून्य दाखवायचा. मग सराफाकडे नेली. त्याने पंखा बंद केला, चिमट्याने ती उचलून काट्यावर ठेवली आणि सवयीने विचारलं, "काका, मोडायचीये?"

मी ओरडलोच, "नाही हो! मोडता कामा नये, तीच तर भीती आहे!"

*

हजार वेळा वाकवून बघायचं ठरवलं. आकडा चुकतोय असं सारखं वाटे, म्हणून बायकोची जपमाळ घेतली. एक मणी, एक वाक. शेजारच्या कदमवहिनींनी दारातूनच हात जोडले. "उशिरा का होईना, भाऊंना सुचलं!"

"कसलं सुचलं!" बायको आतून म्हणाली. "बाथरूमच्या दाराची बिजागरी तीन महिने कुरकुरतेय, तिचं नाव घेत नाहीत!"

*

उड्डाणाच्या सकाळी मैदानात जाईपर्यंत मी बिजागऱ्यांबद्दल परबचं इतकं डोकं खाल्लं, की तो रिमोट चार्ज करायला विसरला.

विमान झकास उठलं. वळलं. मग रिमोट बंद पडला, आणि ते सरळ खाडीतल्या तिवरांवरून गोराईच्या दिशेने निघालं. शेपटी एकदम स्थिर. ठिपका झालं, मग तोही दिसेना.

मी घाबरत विचारलं, "परब, माझं काही चुकलं का रे?"

चिडला की परब मालवणीत शिरतो. पायाखालच्या मैदानाकडे बोट दाखवत तो ओरडला, "तुझी बिजागरी टिकली मां, मेल्या! मोडली असती तर इमान हयसरच पडलां असतां!"