बॅटरी, थेंब आणि विद्याची कॅसेट

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाजवळ कॅसेटी कमी आणि गोष्टी जास्त उरतात. कॅसेटी लोक घेऊन जातात, गोष्टी कोणी नेत नाही.

मागच्या महिन्यात साखरा गावची विद्या नवऱ्याला घेऊन घरी आली. हातात तिच्या लग्नाची, मीच काढलेली छोटी कॅसेट. वडील जाऊन वर्ष झालेलं.

"मामा, आप्पाचा आवाज यातच हाय. दुसरीकडं कुठंच न्हाई. तुमचा कॅमेरा चालतो का?"

कॅसेटवाला कॅमेरा कपाटातून काढून चार्जिंगला लावला. पोरगी कावरीबावरी झाली होती, म्हणून तोवर तिला जुन्या गोष्टी सांगत बसलो.

*

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कॅमेऱ्यावर सूचना यायच्या इंग्रजीत. आमचे स्टुडिओवाले बाबाराव म्हणाले, "अक्षरं सोडा, चित्र पाहा. बॅटरी लुकलुकली की बॅटरी संपली. थेंब दिसला की आत ओल."

जवळा बाजारच्या एका लग्नात नवरदेवाच्या बापानं हे ऐकून ठेवलं. मंगलाष्टकं चालू असताना तो माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहत होता. बॅटरी लुकलुकली, तसा थेट भटजींजवळ गेला.

"महाराज, बॅटरी उतरून राहिली. आटपा जरा."

भटजी शांतपणे म्हणाले, "माझी भरलेली आहे."

आणि मंगलाष्टकं आणखी दोन वाढवली!

*

थेंब आला तो कनेरगाव नाक्याकडच्या लग्नात. थंडीचे दिवस. गार गाडीतून उतरलो आणि भाताच्या हंड्याशेजारी वाफेत उभा राहिलो. कॅमेरा बंद. कॅसेट काढून तासभर थांबायचं, एवढंच त्याला औषध.

नवरीची आजी आली. "काहून थांबला?"

"आत ओल धरली, आजी."

"मग लेकराचं करतेत तसं करा की."

तिनं कॅमेरा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि शेगडीपासून हातभर लांब मांडीवर घेऊन बसली. तासाभरानं तो चालू झाला. नजर लागू नये म्हणून तिनं काजळाचं बोट थेट काचेलाच लावलं. मी पुसायला गेलो तर हात धरला.

"चालून राहिला ना? मग असू दे."

त्या सगळ्या लग्नात एका कोपऱ्यात काळपट ढग आहे.

*

बॅटरी भरली. विद्याची कॅसेट घातली, तर स्क्रीनवर नुसते चौकोन आणि खाली इंग्रजी ओळ.

"गेलं का सगळं?" विद्या पुढं सरकली.

"न्हाई बाई. कॅसेट वाचणारं आतलं हेड मळलंय."

हेड साफ करायची वेगळी कॅसेट मिळते, ती दहाच सेकंद फिरवायची असते. बाबारावांनी पहिल्या वेळी अख्खी फिरवली होती. चहा पिऊन आले तोवर हेडच घासून गेलं. मी बोटांवर दहा मोजले. विद्याही ओठातल्या ओठात मोजत होती.

*

चित्र आलं. आप्पा सगळीकडं होते, पण पाठमोरे. कुणाला पाणी दे, कुणाला खुर्ची दे. आवाज बँडखाली दबलेला. विद्या स्क्रीनला नाक लावून बसलेली. कॅसेट संपत आली.

पाठवणीची गाडी दिसली. पाठवणीचं शूटिंग झाल्याशिवाय तेव्हा गाडी हलत नसे. तेवढ्यात आप्पा कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले, की नुसता फेटाच दिसत होता. आवाज मात्र स्वच्छ आला.

"मामा, कॅमेऱ्यावर काही तरी आलं म्हणा. थांबा म्हणा समद्यांना. तेवढंच लेकरू माझ्यापाशी राहील."

पुढं काळोख.

जावई म्हणाले, "त्या दिवशी कॅमेरा बिघडला म्हणून आमी पाऊण तास उन्हात बसून होतो, मामा."

विद्यानं माझ्याकडं पाहिलं. "काय आलतं तवा कॅमेऱ्यावर?"

"काहीच न्हाई."

तिनं कॅसेट मागं फिरवली.