अल्बारिन्योचा मांडव

माझे आईबाप दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचे. तासगाव भागात. आमच्याकडची बाग म्हणजे डोक्यावर तारांचा मांडव, त्यावर वेल आणि खाली लोंबणारे घड. छाटणी असो, विरळणी असो, की मणी फुगावेत म्हणून एकेक घड औषधाच्या मगात बुडवणं असो, हात दिवसभर वर. संध्याकाळी भाकरी थापायला बसली की आई म्हणायची, "हात बागंतच ऱ्हायल्यात माझं, कुणीतरी जाऊन घिऊन या." आम्ही भावंडं हसायचो. मालकाची द्राक्षं बोटीत बसून युरोपला जायची. आम्ही एसटीतसुद्धा क्वचितच बसायचो.

अशा घरातून मी इंजिनिअर झालो. माझ्याआधी आमच्यात कुणी कॉलेजात पाय ठेवला नव्हता. हे मी न विचारता सांगतो. मित्र म्हणतात, तू बेकरीत ब्रेड घेतानाही सांगशील. सांगेन की. फुकट नाही झालो.

जर्मनीत श्टुटगार्टजवळ द्राक्षबागांसाठी छोटी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा पहिले सहा महिने प्रोबेत्साइट होती. म्हणजे साहेबांना पसंत पडलो तर कायम, नाहीतर ट्शूस, रामराम. गावात आईने पेढे आधीच वाटून टाकले होते, त्यामुळे परतीची वाट बंद होती.

पाचव्या महिन्यात आमच्याकडे स्पेनचं काम आलं. स्पेनच्या वायव्य टोकाला समुद्राचे फाटे जमिनीत आत घुसलेले आहेत, तो भाग म्हणजे रीआस बायशास. तिथे अल्बारिन्यो नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन होते. तिथल्या बागायतदारांच्या सोसायटीला बागेत फिरून क्रेट उचलणारी गाडी हवी होती. ड्रॉइंग तयार होतं. माझं काम फक्त चाकांचं. ते मंजूर करायला तिकडच्या सोसायटीच्या बाई स्वतः आल्या, सोबत वाइनच्या सहा बाटल्या.

आमच्या साहेबांचा नियम असा की आधी गिऱ्हाइकाचा माल चाखायचा, मगच ड्रॉइंग उघडायचं. सकाळी अकरा वाजता मीटिंगच्या टेबलावर ग्लास आले. मी आयुष्यात वाइन प्यालो नव्हतो. प्रत्येकाने वास घेऊन काहीतरी सांगायचं होतं. एक जण म्हणाला, "जर्दाळू." दुसरा म्हणाला, "लिंबाची साल." तिसऱ्याने डोळे मिटून समुद्र ऐकला. मग माझी पाळी.

घोट घेतला. थंडगार, आंबट, शेवटी जिभेवर किंचित खारट. "कैरी," मी म्हणालो. "मीठ लावलेली."

कैरी म्हणजे काय हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. साहेब म्हणाले, "इंटरेसांट." जर्मन माणूस असं म्हणाला की समजावं, विषय संपला.

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण बाईंनी बागेचे फोटो दाखवले आणि माझी जीभ सुटली. ग्रॅनाइटचे खांब, त्यावर तारा, वर वेल. हुबेहूब आमचा मांडव! तिकडे पाऊस फार, म्हणून घड जमिनीपासून उंच ठेवतात, खालून वारा खेळतो. फक्त मणी एवढेसे, वाटाण्यासारखे. आमच्या मालकाने हे पाहून मजुरांना हाकलून दिलं असतं.

"मणी इतके बारीक कसे राहिले?" मी विचारलं. "घड बुडवले नाहीत का?"

"कशात?" बाई म्हणाल्या.

"औषधात."

शेजारच्या सहकाऱ्याने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तरुण माणसा, वाइनची चव सालीत असते. मोठा मणी म्हणजे पाणी."

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "आल्झो, चला, आधी जेवून घेऊ."

कँटीनमध्ये ताट तसंच ठेवून उठलो. वाटलं, गेली नोकरी, आता पेढे परत मागायला लागतील. बाहेर बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. झालेलं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून बागेचा फोटो दाखवला.

"आरं, ह्यो आपलाच मांडव की! खांब दगडाचं हायती, लई पैशावाली दिसत्यात. बेदाणा करत्यात व्हय?"

"वाइन करतात."

"म्हंजी दारूच की. तू प्यालास?"

"कामाचा भाग म्हणून. एक घोट."

"तुजा चुलता बी कामाचा भाग म्हणूनच पितोय."

विषय बदलायला मी गाडीचं चित्र दाखवलं. आई फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. चालकाला बसायला सीट, वर लोखंडी छप्पर.

"ही गाडी मांडवाखालनं जायाची?"

"हो. तारेपेक्षा छप्पर वीतभर खाली ठेवलंय."

"आन घड? ते काय तारंच्या वर लोंबत्यात व्हय रं? ही गाडी येका फेरीत समदी बाग झोडपून काढंल. कुणी शिकिवलं रं तुमाला?"

मी फोन ठेवला आणि धावत आत गेलो. ड्रॉइंग पाहिलं. बाईंनी तारेची उंची कळवली होती आणि आम्ही ती बिनचूक पाळली होती. घडांची लांबी कुणीच विचारली नव्हती. इथल्या बागांत वेल भिंतीसारखे उभे असतात, गाडी दोन रांगांमधून जाते, डोक्यावर काहीच नसतं. त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासुद्धा. म्हणे इंजिनिअर.

जेवणानंतर ड्रॉइंग उघडलं तसा मी हात वर केला. साहेबांच्या चेहऱ्यावर 'आता काय बुडवायचंय' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी सांगितलं. बाईंनी पट्टी मागितली, ड्रॉइंगवर लावली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटल्या. ते भाषांतर न करताही कळलं.

"सीट आणि छप्पर काढून टाकू," मी म्हणालो. "गाडी बुटकी करू. माणूस मागून चालेल."

"गेनाऊ," साहेब म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. मग विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

खोटं बोलता आलं असतं. "माझ्या नाही, आईच्या. आत्ता बाकावर बसून फोटो दाखवला."

"त्या इंजिनिअर आहेत?" बाईंनी विचारलं.

"नाही. वीस वर्षं मांडवाखाली मजुरी केली."

बाईंनी ड्रॉइंगवर सही केली नाही. नवीन ड्रॉइंग मी करावं, असं त्या साहेबांना म्हणाल्या.

ते मी केलं. गाडी पुढच्या तोडणीला स्पेनमध्ये चालली आणि एकही घड पडला नाही. त्याआधीच, सहा महिने संपले त्या दिवशी, साहेबांनी मला कायमचा करार दिला होता, आणि मी त्यावर सही केली होती.