अर्धा सूर खाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पार्टीतल्या माणसांनाही नाही. विषय जवळ आला की मी ढोलकीवाल्याची चेष्टा करतो, चहा मागवतो, आणि वेळ मारून नेतो. आता सांगतो — पण आधी पेडलचं सांगू द्या.

मी भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवतो. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची एक लोखंडी डबी. पायानं दाबली की तारांना हात न लावता सगळा सूर खाली नाहीतर वर सरकतो. मोबाईलवरचं गाणं अर्ध्या सुरानं उतरलेलं असलं, तर तारा पुन्हा लावत कशाला बसायचं? शहागंजात एका दुकानात ती पाहिली आणि लहान पोरासारखा हट्टाला पेटून घेतली.

कौसल्याताई आमच्या गायिका. जयंतीचे दिवस आले की गावोगावची बोलावणी यायची ती त्यांच्या नावावर, आमच्या नाही. डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू यायचं नाही, हे फक्त आम्हाला ठाऊक. म्हणून त्या माझ्या स्पीकरला खेटून उभ्या राहायच्या. गाण्याआधीचा शेर त्या नुसत्या बेसच्या लांब सुरावर म्हणायच्या. कीबोर्ड गप्प, ढोलकी गप्प. मुखडा आला की सगळे एकदम सुरू. म्हणजे शेर संपेपर्यंत त्यांचा सूर माझ्या भरवशावर. कळतंय ना, मी कुठं चाललोय ते?

लासूर स्टेशनला कार्यक्रम होता. दुपारी मी पेडल लावून मोबाईलबरोबर वाजवत बसलो होतो. संध्याकाळी ते तसंच चालू राहिलं. ताईंनी शेर उचलला — काय उचलला! माणसं माना डोलवत होती. मग मुखड्यावर कीबोर्ड ताईंच्या नेहमीच्या पट्टीत, काळी चारमध्ये, सुरू झाला. आणि आम्ही दोघं अर्धा सूर खाली.

मी पायाशी पाहिलं. पेडलचा लाल दिवा चालू होता.

इथवर चूक होती. चूक कुणाकडूनही होते. पण पुढं? बेस थांबवता आला असता. हात वर करून म्हणता आलं असतं — थांबा, माझं चुकलं. मी काय केलं? बुटाच्या टोकानं पेडल हळूच बंद केलं. झालं. मी कीबोर्डबरोबर सुरात, आणि ताई एकट्या बेसूर.

त्या सूर शोधत राहिल्या. एकदा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या, मधेच थांबून खाकरल्या. मागून शिट्ट्या आल्या. बाई थकली, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. आणि मी त्यांच्याकडं पाहून मान हलवत होतो, जणू त्यांना सांभाळून घेतोय. त्या मान हलवण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

परतताना गाडीत चढण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांग रे बाबा. माझाच सूर गेलता ना?"

"व्हय ताई," मी म्हणालो. "जरासा."

तो 'जरासा' मी दया म्हणून घातला होता. दया!

त्यानंतर ताई गायल्या नाहीत. पार्टीवाल्यांनी विनवण्या केल्या, त्या ऐकेनात. पार्टीला दुसरी मुलगी मिळाली, चांगली गाते. मी वाजवतो. पेडलही वापरतो, टाकून दिलं वगैरे काही नाही.

ताईंकडं जाणंयेणं आहे. सांगायचं ठरवूनही गेलोय. पण आता त्यांचा दुसरा कानही गेला. सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, गल्लीभर ऐकू जाईल — आणि हळू आवाजात सांगायची हिंमत मला त्यांचा कान चांगला होता तेव्हा तरी कुठं झाली?

परवा गेलो तेव्हा त्यांच्या माहेरची माणसं आली होती. ताईंनी मला जवळ बसवून घेतलं, ताट वाढायला लावलं आणि त्या माणसांना सांगितलं, "समदे म्हणले माइक खराब व्हता. ह्यो एकटाच माझ्याशी खरं बोलला."

माणसांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी मान खाली घालून जेवलो. ताईंनी वाढलेली दुसरी भाकरीही खाल्ली.