सतराव्या पानावरची पांढरी पट्टी

चित्रकथांचा सिनेमा कधी धड होत नाही, असं उकंडाभाऊ ताकसांडे यांचं ठाम मत होतं, आणि राजुरात कोणी विचारो न विचारो, ते ऐकवल्याशिवाय राहत नसत. चहाच्या टपरीवर कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, की अमका उडणारा माणूस पुस्तकातून पडद्यावर आलाय, की यांची बशी खाली आणि बोट वर. "पुस्तकात थो उडतच नाई, बाप्पा! पहिल्या चौकटीत जमिनीवर, दुसऱ्या चौकटीत ढगात. मधातलं उडनं आपल्या डोक्यात होते. शिनेमावाला मधातलं दाखवाले जाते, आन् तिथंच माती खाते." पोरं त्यांना मुद्दाम डिवचायची, चहा पाजून पुन्हा सुरू करायची. म्हातारा चित्रं काढतो म्हणून चित्रांची बाजू घेतो, असं सगळे समजून चालले होते. इतक्या तावातावानं बोलायला आणखी काही कारण असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

उकंडा हे नाव मरणाला चकवायला ठेवतात. आधीची दोन लेकरं दगावली, तेव्हा आईनं तिसऱ्याला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत दिलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणे. नाहीच बघितलं. घोडदरा खाणीत जमिनीखाली त्यांनी एकोणतीस वर्षं काढली, पण अंगावर साधा ओरखडा नाही. खाण बंद पडली, बरोबरीचे कित्येक गेले, कोणी खोकून, कोणी पिऊन, आणि उकंडाभाऊ सहासष्टाव्या वर्षी चष्मा न लावता बारीक रेघ ओढत होते. गाव त्यांना नशीबवान म्हणायचं. ते ऐकलं की ते उठून घरी जायचे.

खाणीत ते सरदार होते. सरदार म्हटलं की पगडी आणि घोडा डोळ्यांपुढे येतो. इथं डोक्यावर दिवा आणि हातात काठी, एवढाच थाट. पाळी सुरू होण्याआधी सरदारानं गॅलरीत, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यात, पुढं जायचं. लोखंडी टोपणाची काठी छतावर ठोकायची आणि ऐकायचं. ठण वाजलं तर छत पक्कं. भद वाजलं तर वर पोकळ, तिथं माणूस पाठवायचा नाही. ऐकून झालं की खडूनं छतावर तारीख आणि आपल्या नावाची अक्षरं लिहायची. ती अक्षरं दिसली की माणसं बिनघोर फावडं मारत. छत कोणी बघत नसे, खडू बघत. उकंडाभाऊंचा कान तर असा, की हरिसिंग राठोड म्हणायचा, "आमच्या सरदाराले दगड आपल्या पोटातलं सांगते."

हा हरिसिंग बोरी अरबकडच्या तांड्यावरचा, कोळसा भरणारा, आणि उकंडाभाऊंचा जीव की प्राण. त्याची बायको सुखीबाई उकंडाभाऊंना भिया म्हणायची. तिच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. दर राखीला ती तिकडून एसटीनं यायची. बावीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सात नंबरच्या गॅलरीचं छत कोसळलं आणि हरिसिंग त्याखाली गेला. पडलेल्या एका दगडावर खडूची तारीख शाबूत सापडली, खाली 'उ. ता.' ही अक्षरं. मग काय, चौकशीवाल्यांनी कागद रंगवला: छत रीतसर तपासलेलं होतं, कामगारानं आधाराचा खांब हलवला असावा, चूक त्याची स्वतःची. सुखीबाईनं तो कागद एकदा दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि पुन्हा कोणाला वाचू दिला नाही. पण तांड्यावर भांडण निघालं की कोणीतरी ते वाक्य तिच्या तोंडावर मारायचंच.

राखी बांधून झाली की ती दरवर्षी एकच विचारायची. "भिया, माह्या मानसानं नेमकं काय केलं व्हतं रे?"

"मी तवा तिथं नव्हतो, बाई," उकंडाभाऊ म्हणायचे. ते खरंही होतं. छत पडलं तेव्हा ते तिथं नव्हते. पण त्याआधी, पाळी सुरू होताना, ते तिथं होते.

त्या सकाळी ते खाणीच्या तोंडाशी, कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत पोस्टर रंगवत बसले होते. सुरक्षा सप्ताहाची चित्रस्पर्धा होती आणि दुसऱ्या दिवशी चित्र द्यायचं होतं. चित्रात सरदार काठी उगारून उभा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'आधी ठोका, मग ऐका, मग लिहा.' त्या अक्षरांना सावली देण्यात पाऊण तास गेला. पाळी खोळंबली, बाहेरून हाका सुरू झाल्या, तेव्हा ते धावतपळत उतरले. सहा नंबरपर्यंत ठोकलं. सात नंबरला काठी उचलली, कालच तर ठोकलंय म्हणून खाली घेतली, आणि खडूनं तारीख लिहून मोकळे झाले. पोस्टरला पहिला नंबर मिळाला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी 'सात नंबरची गॅलरी' नावाची बत्तीस पानांची चित्रकथा काढायला घेतली, ती हे सगळं सांगून टाकण्यासाठीच. तोंडानं जमेना, म्हटलं हातानं सांगू. सोळा पानं झरझर झाली. सतराव्या पानावर तिसऱ्या चौकटीत सरदारानं काठी उगारली, आणि हात थांबला. तीन आठवडे थांबला. शेवटी त्यांनी चौथ्या चौकटीत छतावरची खडूची अक्षरं काढली आणि पान उलटलं. दोन चौकटींच्या मध्ये राहिली बोटभर रुंदीची पांढरी पट्टी. वाचणाऱ्यानं त्या पट्टीत आपल्या मनानं काठी ठोकून घेतली. प्रत्येकानं, न चुकता. वणीला झेरॉक्स काढून वाटलेल्या शंभर प्रती लोकांनी वाचल्या, आणि शंभर वेळा उकंडाभाऊ सुटले. चित्रकथा श्रेष्ठ आणि सिनेमा खोटा, हे त्यांचं तत्त्वज्ञान या पट्टीतून निघालेलं होतं.

वणीचा इंद्रजित पुण्याहून सिनेमा शिकून आला आणि त्यातली एक प्रत त्याच्या हाती लागली. पोरगा गुणी होता, हीच पंचाईत. त्याला सिनेमा करायचा होता, आणि तो याच गोष्टीचा. उकंडाभाऊंनी त्याला तीनदा आपलं तत्त्वज्ञान ऐकवून परत पाठवलं. चौथ्या वेळी तो आला नाही. तो सुखीबाईकडे गेला.

आठ दिवसांनी सुखीबाई राखी नसताना दारात उभी. पिशवीतून तिनं ती चित्रकथा काढली. कडा मऊ पडल्या होत्या, सतरावं पान बोटांनी काळं झालं होतं.

"भिया, मले वाचता नाई येत. पन तुह्यी चित्रं मले येतात," ती म्हणाली. "हरिसिंग आत जाते तिथवर येतात. मंग एकदम दगडच. मधात त्यानं काय चूक केली थे मले दिसतच नाई. त्या पोराले करू दे शिनेमा. एकदा दिसू दे मले, मंग मी मराले मोकळी."

दोनच्या ठोक्याला गावापलीकडच्या, अजून चालू असलेल्या खुल्या खाणीत सुरुंग उडाला आणि मांडणीतली भांडी किणकिणली. रोजच उडतो, राजुरात त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्या दिवशी उकंडाभाऊंनी मात्र मान वर करून छताकडे बघितलं. "करू दे," ते म्हणाले. तिला नाही म्हणायची त्यांची लायकीच नव्हती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इंद्रजित कामाचा माणूस. एकेका चौकटीवर अर्धा अर्धा तास प्रश्न विचारायचा. सतराव्या पानावर आला तेव्हा रुखमाबाई, उकंडाभाऊंची बायको, चहा घेऊन आली होती.

"काका, तुम्ही सगळ्याला आवाज दिलाय," तो म्हणाला. "फावड्याचा खर्र लिहिलाय, पाण्याचा टप लिहिलाय, हरिसिंगच्या डब्याचं झाकण उघडतं तोसुद्धा लिहिलाय. काठीचा मात्र नाही. असं का?"

"जागा पुरली नाई."

"बोटभर पट्टी मोकळी आहे की." इंद्रजित हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, बिचाऱ्याच्या. "पुस्तकात चालून जातं. मला पडद्यावर काहीतरी ऐकवावंच लागणार. काय ठेवू? ठण की भद?"

आता आली का पंचाईत! भद म्हणावं, तर सरदारानं पोकळ छताखाली माणूस जाणूनबुजून पाठवला असं होतं. ठण म्हणावं, तर छत पक्कं होतं, म्हणजे हरिसिंगनंच काहीतरी केलं. आणि तिसरं उत्तर बावीस वर्षं घशात अडकून बसलेलं. बायको कप हातात धरून उभी होती. उकंडाभाऊ म्हणाले, "ठण."

इंद्रजितनं ते लिहून घेतलं. इतकी वर्षं त्यांनी खोटं बोलायचं टाळलं होतं, नुसतं खरं गिळलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते खोटं बोलले.

तिथून पुढं त्यांचं अन्न तुटलं. भाकरीचे तुकडे ताटातच राहायचे. कधी भिंतीवर बोटाची गाठ वाजवून बघायचे, कधी पाण्याच्या टाकीवर, आणि आपणच दचकायचे. "काहून जेवून नाई राह्यले?" रुखमाबाई विचारायची. एकदा ती ताट उचलता उचलता म्हणाली, "पोटात काय हाय थे बोलून टाका. नाईतर थे पोरगं तुमच्या तोंडून काढन, आन् चार मानसात काढन." ते हात धुवायला उठले. शूटिंगची तारीख जवळ येत होती आणि त्यांना ती छतासारखी खाली खाली उतरताना दिसत होती.

शूटिंग गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत होतं. कपारीत काळा रंग मारून गॅलरी उभी केली होती. सुखीबाई सकाळच्या गाडीनंच आली होती, नवं लुगडं नेसून, पिशवीत ती चित्रकथा घेऊन. तिच्यासाठी कॅमेऱ्यामागं प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. सरदाराचं काम करणारा घनश्याम हा नाटकातला नट होता, तोंडानं वाघ, पण काठी धरायची कशी ते त्याला काही केल्या जमेना. बारा वेळा झालं. शेवटी इंद्रजित उकंडाभाऊंकडे आला.

"काका, चेहरा त्याचा ठेवतो. हात तेवढे तुमचे द्या. ठोका, आणि खडूनं तारीख लिहा. बस."

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर सुखीबाई म्हणाली, "जा न, भिया. हरिसिंग म्हने, तुह्या काठीचा आवाज तीन गॅलऱ्या पल्याड ऐकू येते. मले ऐकू दे एकदा."

त्यांच्या डोक्यावर दिवा बांधला. मानेला ते वजन ओळखीचं होतं. बाकी दिवे विझले, समोर फक्त काळं छत आणि त्यावर त्यांच्या दिव्याचा गोल. आवाजवाल्यानं लांब दांडीचा माइक वर धरला. सगळे गप्प झाले. इंद्रजित म्हणाला, "चला."

उकंडाभाऊंनी मनाशी पक्कं केलं होतं: जोरात ठोकायचं, ठण वाजवायचं, संपवायचं. काठी वर गेली. छतापासून वीतभर अंतरावर गेली आणि तिथून खाली आली. डाव्या काखेत गेली. उजव्या हातानं खिशातला खडू काढला, छतावर बावीस वर्षांपूर्वीची ती तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, 'उ. ता.' एकही अक्षर हललं नाही. मन काहीही ठरवो, त्या गॅलरीत त्या हातांनी एकदाच जे केलं होतं ते त्यांना तोंडपाठ होतं.

"काका," अंधारातून इंद्रजितचा आवाज आला, अगदी सहज, "काठी ठोकायची राहिली."

उकंडाभाऊ छताकडेच बघत होते. आता नुसतं 'विसरलो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. म्हातारा माणूस, पुन्हा घेऊ म्हणाले असते सगळे. पण काखेतली काठी त्यांच्यानं पुन्हा उचलवेना. प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"भिया," सुखीबाई जवळ येऊन उभी राहिली. "त्या दिवशी बी असंच केलं व्हतं का?"

"हो."

"ठोकलं नव्हतं?"

"नाई. चित्र रंगवत बसलो व्हतो. उशीर झालता. आदल्या दिवशी ठोकलं व्हतं, तं म्हनलं, पक्कंच असन."

"मंग माह्या मानसाची चूक?"

"काईच नव्हती. त्यानं खडू पाह्यला आन् आत गेला."

दोन वाजले. लांब सुरुंग उडाला आणि कपारीतून चिमूटभर माती दोघांच्या मध्ये पडली. सुखीबाई हलली नाही. तिला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं, इंद्रजित पुढंही सरकला. पण ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "बाबू, तुह्यी मशीन चालू हाय का?"

"आहे, मावशी. बंद करतो."

"नोको करू." मग ती उकंडाभाऊंकडे वळली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांना भिया म्हटलं नाही. "सरदार," ती म्हणाली, "कागदावर माह्या मानसाचं नाव लिवलं व्हतं. आता तुमचं सांगा. तिकडं पाहून सांगा. मोठ्यानं."

उकंडाभाऊंनी काठी खाली ठेवली. डोक्यावरचा दिवा तसाच जळत होता. ते कॅमेऱ्याकडे वळले, त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, खाणीचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. कोणीतरी पाणी पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही. मग हरिसिंग राठोड हे नाव घेऊन ते पहिल्यापासून सांगू लागले, मधलं काही न गाळता.