पुष्पांजलीचे केस आणि जारचं पाणी

शेगावच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यातल्या गावात दिलेल्या पुष्पांजलीचं एक काम आठ वर्षं झाली तरी संपत नव्हतं. तिला डोक्याला मानवेल असा शाम्पू सापडत नव्हता. केस दाट, इतके की फणीचे दात तुटावेत, आणि कोरडे कसे, तर वाळल्या कडब्यासारखे. बाजारातली लाल पुडी झाली, हिरवी झाली, मग ‘जाड, कोरड्या केसांसाठी’ असं छापलेली बाटली आली. टीव्हीवरच्या बाईचे केस एका धुण्यात रेशमी होतात. हिचे धुतल्यावर जास्तच फुगत. नवरा भागवत शेगावात एका लॉजवर कामाला. दर्शनाला आलेले लोक खोलीत टाकून गेलेल्या पुड्या तो खिशात घालून आणायचा आणि उपकार केल्यासारख्या हातावर ठेवायचा. लोकांनी टाकलेलं आपण लावायचं, हे तिला झोंबायचं. तरी लावायची, कारण एखादी पुडी कधीतरी लागू पडेल अशी तिची वेडी आशा.

माहेरी डोणगावला गेली की केस मऊ पडत. ती म्हणायची, आईच्या हातचं तेल. लेकींना आईच्या हाताचं भलतंच कौतुक. यंदा चुलत बहिणीच्या, वैष्णवीच्या लग्नात मात्र आईला तेल लावायला सवड कुठली? पुष्पांजलीने हाती लागलेल्या साध्या पुडीने विहिरीच्या पाण्यात डोकं धुतलं. डोकंभर फेस आला. वाळल्यावर केस बोटांतून सुळकन निसटले. म्हणजे शाम्पूचा दोष कधी नव्हताच. सासरचं पाणी खारं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत. म्हणून तर प्यायला विकतच्या पाण्याचा जार येतो. पण तेच पाणी आठ वर्षं आपले केस खातंय, हे ध्यानात आलं नाही. तिला स्वतःचाच संताप आला.

परत आल्यावर तिने सासूला सरळ सांगितलं, "आठ दिवसातून एक जार मले डोक्शासाठी पाह्यजे."

जनकाबाई तुरीची डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "प्याचं पानी कोनी डोक्शावर वतते का? माह्येबी केस असेच गेले. तुह्ये दाट होते म्हनून तं पसंत केली. म्हटलं, चार वर्सं जास्त टिकतीन."

"तुमाले ठावं होतं?"

"सांगून पानी गोड झालं असतं का? गोविंदाचं लगन होऊ दे. मानसं वाढली का दुसरा जार लावू. मंग धू डोकं."

गोविंदा हा धाकटा दीर. त्याला स्वतःला नसेल एवढी घाई आता पुष्पांजलीला झाली. पण गावाचं पाणी ऐकूनच तीन मुलींनी नकार दिला होता. चौथी बीबी गावची प्रेरणा. तिला बघायला गेले तेव्हा बाकीचे चहा पीत बसले असताना तिने पुष्पांजलीला आतल्या खोलीत नेलं. पोरीची वेणी कमरेखाली उतरलेली. पदराआडून दिसणाऱ्या पुष्पांजलीच्या केसांकडे बघत तिने हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. तुमच्याकडचं पाणी लई खारं हाय म्हणतेत. केस जातेत का?"

पुष्पांजलीने पदर पुढे ओढला. डोळ्यांपुढे तो दुसरा जार उभा राहिला.

"नाही वं. माह्ये पह्यल्यापासूनच असे हायेत," ती म्हणाली. "चांगला शाम्पू लावला का काही होत नाही."

लग्न झालं. कबूल केल्याप्रमाणे दुसरा जारही आला. जनकाबाईंनी तो चुलीजवळ ठेवून घेतला. खाणारी तोंडं वाढली होती, आणि खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. पुष्पांजलीने एकदा विषय काढला, तेव्हा भागवत हसला आणि खिशातून एक पुडी काढून दिली.

तीन महिन्यांत प्रेरणाच्या वेणीच्या जटा झाल्या. ओट्यावर बसून ती मुकाट्याने गुंता सोडवायची. एक दिवस मात्र फणी खाली ठेवून म्हणाली, "सासूबाईंचं मी समजू शकते, ताई. त्यांना पोराचं लगन जमवायचं होतं. तुम्ही काऊन खोटं बोलल्या?"

पुष्पांजलीला उत्तर ठाऊक होतं. पण एका जारभर पाण्यासाठी, असं सांगायला तिची जीभ रेटली नाही.