घरच्या भाताची बांधी

दिघोरीत माझ्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे, ते काका पाण्याचे इतके लोभी, की त्यांच्या बांधीतले, म्हणजे भाताच्या खाचरातले, खेकडेसुद्धा त्यांना विचारूनच बीळ पाडतात. ते ओरडले, की पार भंडाऱ्याचे बगळे उडतात.

यंदा एका कंपनीचा साहेब गावात आला. म्हणाला, "बांधीतलं पाणी अधूनमधून आटू द्या. साचल्या पाण्यातून हवा तापवणारा गॅस निघतो. तो कमी झाला, की परदेशातले कारखानदार आपल्या धुराची भरपाई म्हणून तुम्हाला पैसे देतील."

"अन् धान पोचट झाला तं? ते कारखानदार जेवाले वाढतीन का?" काका गरजले. साहेबाच्या घामाने वैनगंगेला पूर आला.

तरी दुसऱ्या दिवशी धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडून पाणी सोडलं ते काकांनीच, आणि तेही घरच्या वर्षभराच्या भाताच्या बांधीतलं! मी बोंबललो, "काका, विकायच्या धानावर करून पाहा ना!"

"पाहाचं आहे तं आपल्या पोटावर पाहावं, बाबू. विकायचा धान दुसऱ्याच्या पोटात जाते."

दिवाळीला लोंब्या अशा भरल्या, की त्यांवर बसलेले पोपट जमिनीला टेकले. काका मात्र न ओरडता, नव्या तांदळाच्या गरम भाताची थाळी घेऊन माझ्या दारी आले.

"खाऊन पाह्य. आवडला तं पुढच्या साली तुहाही धुरा फोडू."