पितरांसाठी खरा नंबर

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतलं घर सोडताना सरोजिनीनं दोनच गोष्टी बरोबर आणल्या: शिवणयंत्र आणि डाव्या हाताची दोन वाकडी बोटं. बोटं नवऱ्यानं, प्रतापसिंहानं, दाराच्या फटीत चेंगरली होती; भाजीत मीठ कमी पडलं होतं. "घर सोडलंस तर शोधून पाय मोडीन," असंही तो सांगून चुकला होता. तंजावरच्या मराठी घराण्याचा त्याला फार अभिमान. तलवार उरली नव्हती, म्हणून कमरेच्या पट्ट्यावर भागवी.

अंबत्तूरच्या कारखान्यात ती मोटारींच्या सीटची कव्हरं शिवते, रविवारी ब्लाउज. ब्लाउजची गिऱ्हाइकं ऑनलाइन मिळतात, आणि तिथं नावाआधी नंबर विचारतात. शेजारच्या यंत्रावरच्या हरिप्रियानं युक्ती सांगितली: ॲपमध्ये नंबर भाड्यानं मिळतो. ओटीपी त्यावर येतो, फोन त्यावर वाजतो, खरा नंबर कुणाला दिसत नाही.

"घर भाड्याचं, आता नंबरही भाड्याचा," सरोजिनी म्हणाली.

"भाड्याचाच बरा, अक्का. नको झाला की सोडता येतो. नवऱ्याचं तसं आहे का?"

नव्हतंच. एकदा ब्लाउजचं गिऱ्हाईक होऊन प्रतापसिंहानं फोनवर पत्ता विचारला. त्याचं खाकरणं तिनं ओळखलं आणि खरकटं पान टाकावं तसा तो नंबर टाकून दिला.

खरा नंबर दोघांकडेच होता. बँकेकडे, कारण तिला भाड्याचा चालत नाही. आणि माहेरच्या भटजींकडे, कारण पितरांना चालत नसावा.

आईच्या तिथीला सकाळी ती कढईत वडे तळत होती. खरा नंबर वाजला. कुणी अनोळखी तमिळमध्ये म्हणालं, "भटजींसोबत आलोय मा, घर सापडेना." खऱ्या नंबरावरचा माणूस खोटा कसा असेल? तिनं पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत वाट सांगितली. वर, "शेवटची पायरी मोडकी आहे, जपून."

प्रतापसिंह जपूनच आला.

"रिक्षावाला फोनवर गोड बोलतो, नाही?" त्यानं कडी लावली. "नंबर भटजींनी दिला. म्हणाले, सासूची तिथी, जावयाला कळायला नको? देवमाणूस."

पट्ट्याचं बक्कल पहिल्यांदा कानावर बसलं, मग ओठावर. ती पडली. त्यानं केसांना धरून तिला ओट्यापर्यंत फरफटत नेलं, तिचा पाय खालच्या पाट्यावर ओढून ठेवला आणि वरवंटा उचलला. बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं हल्ली मिळत नाहीत.

सरोजिनीनं वर हात घातला. वाकडी बोटं कढईच्या कानात नेमकी अडकली. तळहात चरचरला, पण तिनं सोडली नाही, ओढली.

उकळतं तेल त्याच्या मानेवर, खांद्यावर गेलं. तो गुरासारखा ओरडत कोसळला. वरवंटा तिच्या पायाशी घरंगळला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. पुन्हा घातला. काहीतरी मोडल्याचं ऐकू आलं. शब्द कुणीतरी पाळायचाच होता.

कडी वाजली. तिनं दार उघडलं; खरे भटजी दारात होते. "जावईबापू आले वाटतं? आवाज ऐकला..."

"भटजी, आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावा. मग पोलिसांना." भाजलेला हात तिनं पाण्याच्या बादलीत बुडवला. "आणि माझा नंबर पुसून टाका. माझ्यासमोर."

भटजींनी दोन्ही फोन लावले, नंबर पुसला. तरी त्यांनी विचारलंच, "मग पुढच्या तिथीला तुला कळवू कसं, बाळ?"

"तुम्ही नका कळवू," ती म्हणाली. "आई माझं घर कुणाला विचारून येत नाही."